वर्ड त्या खोलीत, मास्तर या खोलीत

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आत्ता मी बोलतो आहे ती खोली वेगळी आणि तुम्ही ऐकता आहात ती वेगळी. रेडिओच्या डब्यात माणूस बसलेला नसतो हे आज पोरासोरांनाही ठाऊक आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीत मात्र आपली समजूत अजून जुन्या काळच्या आजीसारखी असते. समोरच्या पडद्यावर पत्र दिसते आहे, म्हणजे पत्र लिहिणारा प्रोग्राम याच डब्यात चाललेला असणार! तसे असायलाच हवे असे नाही, हे मला २००६ साली जालना जिल्ह्यातल्या अंबड तालुक्यात, एका शाळेच्या संगणक खोलीत कळले. त्याला निमित्त झाली मराठी अक्षरे. आज तीच हकिगत सांगायची आहे. पण तिचे धागे अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत गेलेले आहेत, म्हणून वाटेत थोडा इतिहासही ऐकून घ्यावा लागेल.

मी विज्ञानाचा शिक्षक. ज्याला फ्यूज बांधता येतो त्याच्याच गळ्यात शाळेतला कॉम्प्युटर पडतो, या न्यायाने संगणक खोली माझ्याकडे आली. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याने नवी यंत्रे घेतली आणि जुनी चार पेंटियम थ्री शाळेला देऊन टाकली. देताना त्यांनी हार्ड डिस्क पुसून दिल्या होत्या. म्हणजे यंत्रे होती, पण त्यांच्यात जीव नव्हता. त्या काळी असेंबल्ड कॉम्प्युटरवर विंडोज कुठून येते हे विचारायची पद्धत नव्हती. दुकानदाराच्या खिशातल्या सीडीतून ते येई आणि कुणाला त्यात वावगे वाटत नसे. आमचे मुख्याध्यापक मात्र जुन्या वळणाचे. "शाळेत चोरीची वस्तू नको, सर," एवढेच म्हणाले आणि हजेरीपटात डोके घातले. चार विंडोज आणि चार ऑफिस विकत घेण्याची शाळेची ऐपत नव्हती. राहिले लिनक्स.

लिनक्स ही संगणक प्रणाली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतली आणि जगाला मोकळी करून दिली. आपल्याकडे अनेकांच्या हाती ती पहिल्यांदा पडली ती 'पीसीक्वेस्ट' या इंग्रजी मासिकाबरोबर येणाऱ्या सीडीतून. उबुंटूवाल्यांनी तर कमालच केली. २००५ पासून २०११ पर्यंत कुणीही मागणी नोंदवावी आणि त्यांनी परदेशातून टपालाने सीडी पाठवावी, डाकखर्चही त्यांचाच. आमचे पाकीट आले तेव्हा पोस्टमन ते थेट मुख्याध्यापकांच्या टेबलावर घेऊन आला. परदेशातून शाळेला काही येण्याची ती पहिलीच वेळ होती. चारही यंत्रे आठवड्याभरात चालू झाली. मुलांचे भागले. अडले ते ऑफिसचे.

ऑफिसात पाचवा कॉम्प्युटर होता. देणगीतून रीतसर पावतीने घेतलेला, विंडोज एक्सपी आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिससह. त्यावर आमचे मुख्य लिपिक बसत. त्यांना आम्ही सगळे भाऊसाहेब म्हणत असू. शाळेची पत्रे, सेवाज्येष्ठतेच्या याद्या, मंजुरीचे प्रस्ताव, सगळे त्या एका यंत्रात. त्याच्या पाठीमागे, प्रिंटरची तार लावायच्या खाचेत, आगपेटीएवढी एक वस्तू खोचलेली असे आणि तिच्यावर प्रिंटरची तार. ती वस्तू काढली की मराठी टाइप होणे बंद. लोक तिला डोंगल म्हणत. भाऊसाहेब म्हणत 'ताईत'.

हा ताईत कशासाठी होता हे समजायला हवे, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही.

कॉम्प्युटरवर मराठी आणण्याचे काम पुण्यात फार मोठे झाले. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' हे तंत्र तयार झाले, १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि तिथे ते वाढले. १९९१ साली 'इस्की' हे भारतीय लिप्यांचे सरकारी प्रमाणही आले. पण कागदावर छापून येणारी अक्षरे म्हणजे फॉन्ट, आणि फॉन्टचा मामला निराळा होता. त्या वेळच्या फॉन्टमध्ये जेमतेम २५६ खणांची एक मांडणी असे आणि ती मुळात इंग्रजीसाठी केलेली. मराठी फॉन्ट करणाऱ्यांनी त्याच खणांत काना, वेलांटी, अर्धा म, रफार असे अक्षरांचे तुकडे बसवले. कुठला तुकडा कुठल्या खणात, हे प्रत्येक कंपनीचे आपापले. परिणाम असा की फाइलमध्ये मराठी नसेच. आत असत इंग्रजी खणांचे क्रमांक, आणि वरून फॉन्टचा मुखवटा. मुखवटा असलेल्या यंत्रावर ते पत्र मराठी दिसे. दुसऱ्या यंत्रावर उघडले की टोप्या घातलेली फ्रेंच अक्षरे, पौंडाची चिन्हे आणि उलटी प्रश्नचिन्हे यांची जत्रा भरे. सरकारी कार्यालयात २००० च्या आगेमागे काम केलेल्या कुणालाही ही जत्रा पाहिल्याचे आठवत असेल.

आमचेही तेच झाले. भाऊसाहेबांच्या फाइली मी फ्लॉपीवर घेऊन लिनक्सवर, ओपनऑफिसमध्ये उघडल्या. जत्रा! फॉन्टची फाइल उचलून लिनक्सवर टाकली असती तर वाचता तरी आले असते, पण ते परवान्यात बसत नव्हते आणि टाइप तर तरीही होणार नव्हते. टाइप करणारा प्रोग्राम विंडोजचा, आणि तो ताईत पाहिल्याशिवाय तोंड उघडत नसे. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवू पाहणारे 'वाइन' नावाचे सॉफ्टवेअर १९९३ पासून तयार होत होते, तेही करून पाहिले. पण पाठीमागच्या खाचेतल्या ताइताशी बोलणे त्याला जमेना.

ओपनऑफिस चांगले नव्हते असे कुणी समजू नये. २००२ साली त्याची पहिली पूर्ण आवृत्ती आली तेव्हापासून मी ते वापरतो, आता त्याच घराण्यातले लिबरऑफिस वापरतो. इंग्रजी पत्राला, हिशेबाच्या तक्त्याला ते पुरून उरते. आम्हाला विंडोजला बांधले होते ते वर्डच्या करामतींनी नव्हे. दहा वर्षांच्या मराठी कागदांनी बांधले होते. त्यात २००१-०२ पासून 'एमएस-सीआयटी' घरोघर पोचली, सरकारी नोकरीसाठी आवश्यक ठरली, आणि कॉम्प्युटर म्हणजे विंडोज व पत्र म्हणजे वर्ड हे समीकरण गावोगाव पक्के झाले. वरच्या कार्यालयातून निरोपच येई की वर्डची फाइल पाठवा. कागद पाठवा असे म्हणणारे साहेब निवृत्त होत चालले होते.

एके दिवशी उबुंटूच्या इंटरनेटच्या यादीत मला एक नाव दिसले. टर्मिनल सर्व्हर क्लायंट. मी सहज ते उघडले, चौकटीत ऑफिसातल्या यंत्राचा क्रमांक घातला, आणि दोन सेकंदांत माझ्या लिनक्सच्या पडद्यावर एक्सपीचे निळे दार उभे राहिले. दाराशी भाऊसाहेबांचे नाव! वर्ड चालू होते त्या खोलीत, मास्तर बसले होते या खोलीत, आणि मधल्या व्हरांड्यातून एक निळी तार गेलेली.

आता हे दार बांधले कुणी, ते सांगतो.

मुळात कॉम्प्युटर जवळ असण्याची चैन अलीकडची आहे. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो यांनी एकाच मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करण्याची रीत दाखवली. यंत्र एक, त्याला टाइपरायटरसारखी टर्मिनले अनेक. प्रत्येकाला वाटावे, यंत्र आपल्यासाठीच राबते आहे. आपल्याकडे १९६४ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा संगणक आला, तेव्हा दूरदूरचे संशोधक भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन तिथे जात. यंत्र तिथे आणि माणूस दुसऱ्या गावचा, हीच तेव्हाची रीत होती. १९८४ साली त्याच एमआयटीत 'एक्स विंडो' ही प्रणाली सुरू झाली. प्रोग्राम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्रावर उघडावी, ही तिची मूळ कल्पना. लिनक्सच्या पडद्यामागे वर्षानुवर्षे हीच प्रणाली राहिली, म्हणजे लांबून काम करणे लिनक्सच्या हाडात होते.

विंडोजचे उलटे. ते जन्मले पर्सनल कॉम्प्युटरवर. एक टेबल, एक यंत्र, एक माणूस. त्याला अनेक माणसांची सवय लावली एड इयाकोबुची यांनी. हे गृहस्थ आयबीएममध्ये, मायक्रोसॉफ्टच्या बरोबरीने चाललेल्या ओएस/२ या प्रणालीचे काम पाहत. हिच्यावर अनेकांना एकदम काम करता यावे असे त्यांना वाटे, आयबीएमला वाटेना. १९८९ साली त्यांनी बाहेर पडून सिट्रिक्स ही कंपनी काढली. १९९१ साली ओएस/२ वर बेतलेला त्यांचा पहिला माल बाजारात आला, आणि तेवढ्यात मायक्रोसॉफ्टने ओएस/२ सोडून विंडोज एनटीची वाट धरली. पायाच निघून गेला. पण माणूस चिवट. त्यांनी मायक्रोसॉफ्टकडूनच एनटीच्या मूळ मजकुराचा परवाना मिळवला, त्यात फेरफार केले आणि १९९५ साली 'विनफ्रेम' आणले. एका मोठ्या यंत्रावर अनेकांचे वर्ड, अनेकांचे एक्सेल, आणि टेबलावर नुसते जुने खटारे.

हे चालते आहे म्हटल्यावर मूळ मालकाला जाग आली. फेब्रुवारी १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने कळवले की असली सोय आम्ही स्वतःच करू. सिट्रिक्सचा शेअर एका दिवसात निम्म्याहून अधिक कोसळला. इयाकोबुची आपली माणसे घेऊन मायक्रोसॉफ्टच्या दारात तळ ठोकून बसले आणि मे महिन्यात करार झाला. साडेसात कोटी डॉलर रोख, शिवाय पुढच्या विक्रीवर दहा कोटींपर्यंत स्वामित्वधन. १९९८ साली विंडोज एनटीची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती निघाली. घरात तिचे टोपणनाव हायड्रा, म्हणजे अनेक डोक्यांचा साप. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

यंत्राशी लांबून बोलायची मायक्रोसॉफ्टची भाषा म्हणजे आरडीपी. दूरच्या बैठकांसाठी ठरलेल्या टी.१२० या आंतरराष्ट्रीय प्रमाणावर ती बेतलेली होती. तिची खुबी अशी की ती पडद्याचे अख्खे चित्र दरवेळी पाठवत नाही. इथे एवढी रेघ ओढ, हा चौकोन राखाडी कर, मघाशी दिलेले अक्षर पुन्हा तिथे ठेव, अशा सूचना पाठवते. उलट दिशेने जातात ते कळदाबे आणि माउसच्या हालचाली. म्हणून टेलिफोनच्या तारेवरही तिचे काम भागे. त्याच १९९८ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेने 'व्हीएनसी' हे सॉफ्टवेअर खुले केले होते. ते कुठल्याही दोन यंत्रांत चाले, पण ते चित्रांचे तुकडेच पाठवणारे, त्यामुळे आमच्या जुन्या यंत्रांवर ते रांगायचे.

मायक्रोसॉफ्टने आरडीपीची दारे ठेवली ती विंडोजच्याच घरांना. लिनक्सवाल्याला आत यायचे तर भाषा कळायला हवी, आणि तिचे पुस्तक कुणी छापलेले नव्हते. २००० च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या मॅथ्यू चॅपमन या तरुणाने ती ऐकून शिकली. काही वाट त्या आंतरराष्ट्रीय प्रमाणांत सापडत होती, उरलेली तारेवरून येणारे-जाणारे आकडे पाहत उलगडायची. त्यातून 'आरडेस्कटॉप' हा छोटासा प्रोग्राम निघाला, लिनक्ससाठी, मोफत. माझ्या पडद्यावरच्या टर्मिनल सर्व्हर क्लायंटच्या पोटात तोच होता. मायक्रोसॉफ्टने स्वतः ही भाषा छापून जाहीर केली ती २००८ साली, युरोपातल्या कोर्टकचेऱ्यांनंतर, हजारो पानांच्या इतर कागदांबरोबर. पुढच्याच वर्षी आरडेस्कटॉपमधून 'फ्रीआरडीपी' निघाले आणि आज लिनक्सवर बहुतेक लोक तेच वापरतात, नाव माहीत नसतानाही.

आमच्या मराठीची गाठ इथे सुटत होती. अक्षरे त्या खोलीत तयार होत, त्या खोलीतल्या फॉन्टने, त्या खोलीतल्या ताइताच्या साक्षीने. माझ्यापर्यंत यायचे ते त्यांचे नुसते रूप. लिनक्सला मराठीचा म सुद्धा माहीत असायची गरज नव्हती.

अडचण एकच. एक्सपी प्रोफेशनलमध्ये एका वेळी एकच माणूस. मी या खोलीतून आत शिरलो की त्या खोलीत भाऊसाहेबांच्या पडद्याला कुलूप! पहिल्या दिवशी त्यांना वाटले व्हायरस आला. त्यांनी पासवर्ड घालून परत प्रवेश केला, तशी माझी खिडकी मिटली. मी पुन्हा शिरलो. असे तीनदा झाल्यावर ते व्हरांड्यातून तरातरा आले आणि म्हणाले, "सर, मी पगारबिल करतोय. तुम्ही माझ्या खुर्चीत बसू नका." मी माझ्या खुर्चीतच बसलेलो होतो, पण त्यांचे म्हणणे खरे होते. मग मुख्याध्यापकांनी वेळापत्रक आखले. मधल्या सुटीत आणि शेवटच्या तासाला यंत्र शिक्षकांचे. आमचे शिपाईमामा दाराशी येऊन सांगत, "भाऊसाहेब उठले," की मी आत शिरायचो. इतके आधुनिक तंत्र, आणि त्याचा कारभार मामांच्या आवाजावर.

मोठ्या संस्था यासाठी विंडोजचा सर्व्हर घेत, त्यावर एका वेळी अनेकांना बसता येई. मी चौकशी केली होती. सर्व्हरचा परवाना वेगळा, बसणाऱ्या प्रत्येक टेबलासाठी वेगळा, आणि ऑफिसचा पुन्हा टेबलागणिक. गंमत म्हणजे विंडोज २००० च्या सर्व्हरवर टेबलावर विंडोज २००० असेल तर टर्मिनलचा वेगळा परवाना लागत नसे, लिनक्स असेल तर विकत घ्यावा लागे. फुकटच्या बैलगाडीला टोलनाक्यावर जास्त पैसे! लांबून वर्ड चालवले की वर्ड फुकट पडते, असा एक समज तेव्हा होता आणि आजही आहे. तो चुकीचा आहे.

२००७ च्या मे महिन्यातला प्रसंग सांगतो. त्या उन्हाळ्यात भारनियमन रोज कित्येक तासांचे. आमच्या एका बाई जूनअखेर निवृत्त होणार होत्या. त्यांच्या पेन्शनच्या प्रस्तावात मधल्या तीन वर्षांच्या मान्यतेच्या पत्रांच्या प्रती कमी होत्या. मूळ कागद पावसाळ्यात गळतीत भिजून गेलेले, पण भाऊसाहेबांनी त्यांची टाइप केलेली नक्कल त्या यंत्रात ठेवली होती. यजमान आधीच गेलेले, मुलगी कॉलेजात. पेन्शन लांबली तर घर कशावर चालणार, हे बाई बोलून दाखवत नव्हत्या. आणि दुपारी वीज आली ती उसळी मारूनच आली. ऑफिसातला पडदा काळा. मी संगणक खोलीतला मॉनिटर नेऊन लावला, तरी काळाच. अंबडच्या दुकानदाराने पाहून सांगितले, मदरबोर्डवरचा चित्र दाखवणारा भाग गेला, बोर्ड बाहेरून मागवावा लागेल, आठ दिवस धरा. प्रस्ताव परवा द्यायचा होता.

पण डब्यातला पंखा फिरत होता आणि हार्ड डिस्कचा लाल दिवा लुकलुकत होता. मी इकडे येऊन टर्मिनल सर्व्हर क्लायंट उघडले. निळे दार आले! यंत्र चालते होते, फक्त स्वतःचे तोंड दाखवू शकत नव्हते. भाऊसाहेब माझ्या शेजारी लिनक्सपुढे पहिल्यांदाच बसले, त्यांनी एकेक फाइल उघडली, छापण्याची आज्ञा दिली, आणि व्हरांड्यापलीकडे रिकाम्या ऑफिसात, काळ्या पडद्याशेजारी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करकरू लागला. मामा धावत आले. "सर, हे आपोआपच चालू झालंय की हो!" मुख्याध्यापकांनी सगळ्या प्रतींवर खरी नक्कल म्हणून सही-शिक्का केला. ते कागद पुढे वरच्या कार्यालयाने तीनदा परत पाठवले, त्याची कथा वेगळी आहे आणि ती इथे सांगण्यासारखी नाही. पेन्शन अखेर लागली.

पुढे युनिकोड आले. म्हणजे ते १९९१ पासून होतेच, विंडोज २००० मध्ये देवनागरीही आली होती, पण एक्सपीवर ती चालू करायला मूळ सीडी घालावी लागे आणि ती सीडी बहुतेकांकडे नसे. लिनक्सच्या बाजूने मुंबईच्या इंडलिनक्स गटाने भारतीय भाषांसाठी खटपट केली, आणि २००४ साली रेड हॅटने 'लोहित' हे फॉन्ट मोकळे केले. सरकारी कार्यालयांतून युनिकोडचा आग्रह सुरू झाला तशी आमची नवी पत्रे कुठेही उघडू लागली. जुन्या फाइली रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामांतून काढल्या तर 'येणाऱ्या'चे 'येणार्या' होई, आणि क्वचित एखाद्या आडनावाचा पहिला अर्धा जोडाक्षरच गायब. काही फाइली म्हणून तशाच ठेवल्या. भाऊसाहेब २०११ साली निवृत्त झाले. यंत्र त्याच्या पुढच्या वर्षी कायमचे बसले. मी त्यातली हार्ड डिस्क काढून तिची जशीच्या तशी प्रत करून ठेवली, आणि विसरलो.

२०२० च्या टाळेबंदीत पुण्या-मुंबईची नोकरदार मुले गावाकडे आली. घराच्या माळवदावर, जिथे मोबाइलला रेंज तिथे लॅपटॉप घेऊन बसत आणि पुण्याच्या ऑफिसातले यंत्र इथून चालवत. मला त्यात नवल वाटले नाही, एवढेच म्हणतो. मात्र त्याच सुमारास अनेकांनी हे दार इंटरनेटवर सताड उघडे ठेवले आणि खंडणीखोरांनी आत शिरून फाइलींना कुलपे घातली. त्याआधी २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाची जी भेग सापडली तीही याच दारात होती. ती इतकी गंभीर की पाच वर्षांपूर्वीच मुदत संपलेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टने डागडुजी दिली. हे दार घरातल्या घरात वापरावे.

आणि मग २०२३ आले. त्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या अंतरवाली सराटीतून आंदोलन उभे राहिले आणि कुणबी नोंदींचा शोध मराठवाडाभर सुरू झाला. निजामाच्या काळातले कागद, मोडीतले, उर्दूतले, बाहेर निघू लागले. शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरेही त्यात आली. रोज माणसे शाळेच्या दारात. आजोबा इथे शिकले होते, पणजोबांचे नाव असेल. आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. जालना जिल्हा झाला १९८१ साली. माणूस एका गावी आणि त्याचा कागद दुसऱ्या गावी, दुसऱ्या लिपीत, याची आम्हाला पिढ्यांची सवय आहे. आमची पहिली रजिस्टरे उर्दूत होती. पण २००४ साली भाऊसाहेबांनी एका निवृत्त उर्दू शिक्षकांना रोज संध्याकाळी चहाला बोलावून ती वाचून घेतली होती आणि नावांची पूर्ण सूची टाइप केली होती. मराठीत, त्या जुन्या फॉन्टमध्ये. ते शिक्षक आता हयात नाहीत.

मी ती हार्ड डिस्कची प्रत शोधून काढली. लिनक्सच्या नव्या यंत्रावर आभासी यंत्र उभे करून त्यात जुने एक्सपी चालू केले, त्याची इंटरनेटशी गाठ राहू दिली नाही, आणि बाहेरच्या टेबलावरच्या लिनक्सवरून फ्रीआरडीपीने आत शिरलो. सूची उघडली. स्वच्छ मराठी! पण शोधायचे कसे? ताईत नाही, म्हणजे टाइप होत नाही. मग यादीत कुठे ते आडनाव दिसले की तेच उचलून शोधाच्या चौकटीत टाकायचे. चौकटीत ती जुनी जत्रा दिसे, पण सापडे मात्र बरोबर नाव, रजिस्टर क्रमांक आणि पान. रजिस्टर काढून अस्सल नोंद पाहायची, उर्दू जाणणाऱ्याकडून पक्की करून घ्यायची. काहींना हवे ते मिळाले, काहींना नाही.

दोन दिवसांनी मी भाऊसाहेबांना घरून बोलावून आणले. सूचीतल्या काही खुणा फक्त त्यांनाच कळत. ते टेबलाशी बसले. पडद्यावर एक्सपीची ती हिरवी टेकडी आणि निळे आभाळ. त्यांनी वाकून टेबलाच्या मागे पाहिले.

"ताईत कुठंय?"

"तो नाही आता, भाऊसाहेब."

"मग टाइप कसं करायचं?"

"टाइप नाही करायचं. नुसतं वाचायचं."

त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि रांगेतल्या पहिल्या माणसाला विचारले, "आजोबांचं नाव काय म्हणालात?"